पक्ष्यांनी आधी खायचं की आधी मरायचं

इरा आणि निहार,

गेल्या रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला तेव्हा मी लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होते. नेहमीचं बोलणं झालं. मग सहज आठवल्यासारखं करून तो म्हणाला, "इराने पुढच्या वर्षाचे विषय ठरवले. ते कॉम्प्युटरवरचं मॉडेलिंग काढून टाकलं तिने."

"का रे? तिला आवडतं ना ते?"

"टीचर पण म्हणाल्या, तिला त्यात गती आहे. ऐकतच नाही. म्हणते, तो स्क्रीन उघडला की मला ती दहा मिनिटं दिसतात."

"कुठली दहा मिनिटं?"

तो म्हणाला, "आई, तुला माहीत आहे कुठली."

मला माहीत होतं. त्या दहा मिनिटांच्या आधी काय होऊन गेलं होतं, तेही माहीत होतं, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. दोन वर्षं मी ते तुमच्यापासून लपवलं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मराठीत लिहिते आहे. इरा, तुला वाचायला वेळ लागेल. निहारला बाबा वाचून दाखवेल. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, मुलांना शिकवलंही इंग्रजीतच, आणि अवघड गोष्ट इंग्रजीत सांगायला मला सोपं जातं. पण ही गोष्ट इंग्रजीत मी एकदा सांगून बसले आहे, हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरला, वेळांसकट, कुठेही न अडखळता. ती सफाई आठवली की अजून शरम वाटते. तशी पुन्हा सांगायची नाही.

मार्च आहे. मुलुंडला मार्चमध्ये आमच्या गल्लीचा आवाज कमी होतो. दुसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी गॅलरीत फेऱ्या मारत इतिहास पाठ करते. वळण आलं की सनावळी चुकते, परत पहिल्यापासून. सकाळी पावणेदहाला मुलं हातात पॅड आणि पारदर्शक पिशवीत पेनं घेऊन निघतात, आणि मागून आयांचे आवाज: "घड्याळ घेतलंस का? हॉलतिकीट?" रस्त्यावर पानगळ इतकी असते की झाडूवाली बाई एक टोक झाडून दुसऱ्याला पोचेपर्यंत पहिलं पुन्हा भरतं. संध्याकाळी ओहोटी लागली की पूर्वेकडून खाडीचा वास येतो, चिखलाचा, मिठागरांचा, थोडा कुजका. तुमच्या बाबाला लहानपणी त्याने मळमळायचं. मला तो परीक्षेचा वास वाटतो. एकतीस वर्षं शाळेत काढली, नाकाला तेवढं कळतं.

त्या एकतीसपैकी एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. तुम्हाला हे आजोबांनी चेष्टेने बरेचदा सांगितलं आहे, पण मला त्याचा खरंच अभिमान होता. जेवणाच्या टेबलाएवढा ड्रॉइंग पेपर, शिसपेन्सिल, खोडरबर, आणि प्रत्येक शिक्षकासाठी एका रंगाची कागदाची टिकली. गणित सकाळी, डोकी ताजी असताना. डबा खाल्ल्यावर लगेच कवायत नाही, पोरं ओकतात. प्रयोगशाळेनंतर चित्रकला, म्हणजे हात धुतलेले असतात. एक टिकली हलवली की सात हलायच्या. सगळ्या जागच्या जागी बसल्या की मला जे समाधान व्हायचं ते देवापुढे बसूनसुद्धा कधी झालं नाही. क्रम नीट लावला की माणसाचे निम्मे हाल वाचतात, असं मला मनापासून वाटायचं.

घरीही तेच. फ्रीजवर यादी होती. उठणं, दूध, चहा, पेपर, दाढी, आंघोळ, देव, नाश्ता, गोळ्या. आजोबा रिटायर झाल्यावर तिच्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "ह्यात श्वास कधी घ्यायचा, ते लिहिलेलं दिसत नाही."

"मधल्या सुट्टीत घ्या."

"आणि मरायचं कधी?"

"आंघोळ करून," मी म्हणाले होते. हसलो होतो दोघंही.

त्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, इराला शाळेने एक प्रकल्प दिला होता. कॉम्प्युटरवर एक छोटं जग बनवायचं, त्यात प्राणी सोडायचे, त्यांना नियम द्यायचे आणि काय होतं ते बघायचं. नवशिक्यांसाठीचं मॉडेल. इराने फ्लेमिंगो निवडले, कारण त्याआधीच्या जानेवारीत तुम्ही आला होतात आणि आजोबा तुम्हाला भांडुपच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले होते. निहार, तुझा एक बूट त्या चिखलाने घेतला तो घेतलाच. आजोबांनी तुला खांद्यावर बसवून परत आणलं आणि दारातून मला ओरडून सांगितलं, "दोन मुलं नेली, दोन परत आणली. बुटाबद्दल विचारू नकोस."

मेलबर्नला शाळा सुटून चार वाजायचे तेव्हा माझे साडेदहा झालेले असायचे. नाश्ता, गोळ्या, सगळं आवरलेलं. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून, चष्मा पुसून बसायचे. इरा मला शिकवायची, कारण दुसऱ्याला शिकवलं की आपल्याला कळतं, असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"आजी, हे बघ. तपकिरी चौकोन म्हणजे चिखल. हिरवे म्हणजे त्यांचं खाणं. आणि हे गुलाबी त्रिकोण, ते एजंट."

आजोबा मागून, पेपरातून डोकं वर न काढता: "एजंट? आरटीओच्या बाहेर बसतात ते?"

"आजोबा! पक्षी आहेत ते."

"मग पक्षी म्हण ना, बाळा."

प्रत्येक पक्ष्याला एक लहानशी यादी दिलेली होती, चारच ओळींची. एक पाऊल चाल. चालल्याबद्दल ऊर्जा एकने कमी कर. ऊर्जा संपली असेल तर मर. पायाखाली हिरवं असेल तर खा. अशी एक फेरी झाली की दुसरी, मग तिसरी. इराने बटण दाबलं की ते त्रिकोण तुरुतुरु हलायचे. मला वाटलं होतं तसे डौलात नाही. साबणाच्या पाण्यात मिरपूड टाकल्यासारखे.

आणि ते मरत होते. चाळीस सोडले की थोड्याच वेळात पाच-सहा उरायचे. हिरवे चौकोन मात्र भरपूर शिल्लक. इरा रडकुंडीला आली. "वाट लागली गं आजी. खाणं आहे, तरी मरतायत."

मी तिला सांगितलं, एकाच पक्ष्याला धर आणि त्याला एकेक पाऊल चालव. शाळेत वेळापत्रक अडलं की मी एकच वर्ग धरून आठवडाभर त्याच्या मागे फिरत असे. तिने एकाला निळा रंग दिला. आम्ही दोघी बघत राहिलो. निळा चालला, चालला, ऊर्जा तीन, दोन, एक. मग त्याने शेवटचं पाऊल टाकलं ते थेट हिरव्या चौकोनावर. आणि नाहीसा झाला.

"अगं, पायाखाली अन्न आहे आणि मेला कसा?" मी ओरडलेच.

मग दोघींना एकदमच दिसलं. यादीत 'मर' ही ओळ 'खा'च्या वर होती. पाऊल टाकल्यावर ऊर्जा शून्य होत होती आणि खाण्याची ओळ यायच्या आत तपासणी होऊन जात होती. पक्षी अन्नावर उभा राहून मरत होता, कारण त्याला तसा क्रम दिला होता.

"एक ओळ वर, एक खाली," इरा म्हणाली. तिने 'खा' उचलून वर ठेवलं, तपासणी सगळ्यात शेवटी नेली, आणि पक्षी जगले.

इरा, त्या क्षणी तुझा चेहरा कसा झाला होता, ते तुला दिसलं नसेल. मला दिसलं होतं. तेव्हाच मी ओळखलं की ही मुलगी हेच करणार.

दुसरी अडचण माझ्यामुळे आली होती. पक्ष्यांनी कुणामागून कोणी आपली यादी पार पाडायची, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले होते, "नंबर दे त्यांना. एक ते चाळीस. हजेरी घेतात तसं." त्यामुळे दर फेरीला पहिला नंबर पहिला, आणि मरणारे जास्त करून तीस नंबरच्या पुढचे. ते चौकोनावर पोचायचे तोवर पुढच्यांनी खाऊन टाकलेलं असायचं.

"आजी, दर वेळी तेच पहिले! अनफेअर आहे हे."

"अगं, पण शिस्त नको का?"

आजोबा म्हणाले, "तिला विचार, लग्नाआधी तिचं आडनाव काय होतं. अभ्यंकर! जन्मभर पटावर पहिली. तिला काय कळणार शेवटच्याचं दुःख?"

तू हसत सुटलीस. मग सांगितलंस की दर फेरीला चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रम बदलायचा, म्हणजे कुणी कायमचा शेवटी राहत नाही. मला माझ्या वर्गातला वाघमारे आठवला. प्रयोगाच्या तासाला त्याच्या वाट्याला नेहमी तडा गेलेली परीक्षानळी यायची आणि तो कधी काही बोलायचा नाही. एकतीस वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं की हे मी करते आहे.

असा तो मार्च होता. पन्हं, कूलरचा ओला वाळ्याचा वास, खाली पाठांतर, स्क्रीनवर गुलाबी त्रिकोण. तो इथेच संपला असता तर मी तुम्हाला एक आनंदी गोष्ट लिहिली असती.

त्या गुरुवारी आजोबा सहाला उठले. दूध त्यांनीच तापवलं. सहा पंचवीसला स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणाले, "अगं, आज साय जाड आलीये बघ." त्यांचं शेवटचं धड वाक्य सायीबद्दल होतं.

सहा पन्नासला चहा दिला. कप उजव्या हातात कलला आणि चहा पेपरवर सांडला. "हात झोपलाय," असं काहीतरी म्हणाले, जीभ जड होती. मी म्हणाले, "हातावर झोपला असाल. चोळा जरा." आणि फडकं आणलं.

सव्वासातला पेपरकडे बोट दाखवून म्हणाले, "ती चप्पल दे." मी म्हणाले, "वाचणार की पायात घालणार?" ते हसले. अर्ध्याच तोंडाने हसले. मला वाटलं, मला हसवायला तोंड वाकडं करतायत. मीही हसले. इरा, निहार, हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

साडेसातला माझ्या मनात आलं की डॉक्टरांना दाखवायला हवं. आलं, हे खरं आहे. ते मी यादीत घातलं, शेवटी. कारण दवाखाना साडेनऊला उघडतो, आणि डॉक्टरकडे आंघोळ केल्याशिवाय जायचं नाही. हे माझ्या आईचं. ती म्हणायची, पारोशा पेशंटला डॉक्टर मनापासून हात लावत नाही. आम्हा भावंडांना ताप असला तरी ती गरम पाण्याने अंग पुसून, नखं कापून, धुतलेला रुमाल खिशात घालून मगच न्यायची. आमच्यासारख्या घरांत हे सगळ्यांना पाठ आहे. आजारपण दिसलं तर चालेल, अस्वच्छता दिसता कामा नये.

दाढी मी करून दिली. आंघोळीला स्टुलावर बसवलं. त्यांच्या हातून तांब्या तीनदा सुटला, तेव्हा मी पाणी घातलं, पाठ चोळली, पावडर लावली. त्यांची नखं वाढली होती. ती कापली, दोन्ही हातांची, सावकाश. त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर ओल्या टॉवेलसारखा पडला होता आणि मी त्याची नखं कापत होते. मग शर्टाला इस्त्री. मग थोडी पेज, त्याचा ठसका लागला. दवाखान्यात फोन केला तर कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर आज अकराला येतील." मला, खरं सांगते, बरं वाटलं. सगळं बसत होतं. मध्ये इराचा कॉल होऊन जाईल.

साडेदहाला तू स्क्रीनवर आलीस. "आजी, आधी माझं बघ ना, प्लीज. उद्या सबमिट करायचंय." आणि मी बघितलं. दहा मिनिटं. मग आजोबा भिंतीला धरत माझ्या मागे येऊन खुर्चीत बसले आणि तू बोलता बोलता थांबलीस.

"आजी, आजोबांचं तोंड बघ. एक साइड हलतच नाहीये."

मी वळून बघितलं. सकाळपासून मी त्यांना धूत होते, पुसत होते, भरवत होते, बघितलं नव्हतं.

शेजारच्या सावंतकाकूंनी गाडी बोलावली. त्यांनी आणि वॉचमनने मिळून आजोबांना खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. काकूंच्या नाकाला साबणाचा आणि पावडरचा वास आला असणार. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आंगूळ घातलंस? अगो, आदी व्हरूक व्हया होता गो." आधी न्यायला हवं होतं. मला आजवर एवढं एकच माणूस खरं बोललं आहे. बाकी सगळे सभ्य होते.

हॉस्पिटलमध्ये अकरा वीसला पोचलो. तरुण डॉक्टरने विचारलं, कधी सुरू झालं. मी सगळ्या वेळा सांगितल्या. तो लिहीत गेला. "व्हेरी क्लिअर हिस्टरी, मॅडम," म्हणाला, "बहुतेक लोकांना सांगता येत नाही." मग पेन थांबवून विचारलं, "पण सातपासून अकरापर्यंत घरी काय करत होतात?" उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मी म्हणाले, "बाथ."

मेंदूतली गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. ते शेवटचं धड बोलले तेव्हापासून, म्हणजे सहा पंचवीसपासून मोजतात; आमचे साडेचार तास अकराच्या आधीच भरले होते.

दुपारी दोनला तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, कधी झालं?" आणि माझ्या तोंडून तयार असल्यासारखं बाहेर पडलं, "साडेदहाला. इराशी बोलत असताना." डॉक्टरला मी एक मिनिटही खोटं सांगितलं नव्हतं. मुलाला सांगितलं. त्याने ते तुमच्या घरी सांगितलं, आणि इरा, तू त्यावरून हिशेब केलास की आजोबांना तुझ्या स्क्रीनसमोर झटका आला, आणि तू आजीला तुझे हिरवे चौकोन दाखवत दहा मिनिटं बसवून ठेवलंस. तू पंधरा वर्षांची होतीस. तुझं त्यानंतरचं गप्प गप्प बोलणं मी फोनवर ऐकत होते. मला कळत होतं. आज नको, तो बरा दिवस नाही, परीक्षा होऊ दे, असं म्हणत मी खरं सांगणंसुद्धा यादीच्या शेवटी ठेवत गेले.

तेव्हा आता नीट वाच. तुझ्या कॉलच्या आधी जवळजवळ चार तास ते आजारी होते आणि मी त्यांच्यासोबत एका घरात होते. तुझी दहा मिनिटं वजा केली तरी आम्ही अकरा दहाला पोचलो असतो; तेव्हाही उशीर झालेलाच होता. आणि तू बोलली नसतीस तर मी अकराला त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेऊन रांगेत बसवलं असतं. त्या सकाळी त्यांना बघणारं माणूस एकच होतं, आणि ते मेलबर्नला होतं.

मला पुष्कळदा वाटतं, त्या आठवड्यात आपण नेमकं उलटं शिकलो होतो. तपासणी शेवटी ने, आधी खाऊ दे, पक्षी जगतात. पक्ष्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं. ते माझ्या डोक्यात होतं म्हणून मी तसं वागले, असा बहाणा मी करत नाही. आंघोळ त्याच्या कितीतरी आधीची आहे. पण कुठली ओळ वर असावी हे दर वेळी नव्याने बघावं लागतं, आणि जन्मभर क्रम लावलेल्या बाईला ते कळलं नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात, आजोबा दुपारी झोपलेले असताना, मी तुझं मॉडेल उघडलं. तू मला पाठवलेली फाइल होती. नवशिकीला जमेल तेवढंच केलं. सगळे पक्षी काढून टाकले, एक ठेवला. त्याला आमची सकाळ दिली: चहा, पेपर, दाढी, आंघोळ, नखं, इस्त्री, पेज, डॉक्टर. प्रत्येक ओळीला मिनिटं दिली. चालवलं. पोचला नाही. मग 'डॉक्टर' उचलून चहाच्या खाली ठेवलं. पोचला. पुन्हा सगळं पहिल्यासारखं करायला एक बटण असतं, सेटअप नावाचं; ते दाबलं, पुन्हा चालवलं. पोचला. दुपारभर मी ते दाबत होते. दर वेळी पोचला, वेळ हातात राखून. चार वाजता आतून आजोबांचा आवाज आला आणि मी लॅपटॉप बंद केला. नंतर तो उघडलेला नाही. फ्रीजवरची यादी त्याच्या आधीच फाडली होती. काही फरक पडला नाही. आठ वाजता मला अजून आंघोळीचं पाणी आठवतं.

आता आजोबांबद्दल. व्हिडिओवर ते तुम्हाला दिसतात, मान हलवतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि तुमचा बाबा लगेच विषय बदलतो. जे दिसत नाही ते सांगते. त्यांचे शब्द गेले आहेत. पाणी, भूक, दुखतंय, माझं नाव, तुमची नावं, काही नाही. शब्द शिकवायला एक मुलगी यायची. तिने पेला धरून विचारलं, "आजोबा, हे काय?" त्यांनी खूप वेळ प्रयत्न केला, कपाळाची शीर फुगली, आणि मग म्हणाले, "बे एके बे." ती आनंदली. "बे दुणे चार," ते म्हणाले, आणि पुढे थांबलेच नाहीत. बे दाहे वीसपर्यंत गेले, तीनावर आले, चारावर आले. स्वच्छ, खणखणीत, पूर्वीच्या आवाजात. मी स्वयंपाकघरातून धावत आले. मला वाटलं, परत आले.

मुलीने मला बाजूला घेऊन समजावलं. जे लहानपणी एकामागून एक असं घोकून बसलेलं असतं ते मेंदूत निराळ्या जागी राहतं. ते सुरू झालं की आपोआप वाहतं. त्याला अर्थ लागत नाही. पाढ्यातला 'चार' त्यांना वेगळा काढून वापरता येणार नाही. मी तरी करून बघितलं. "अहो, किती पोळ्या?" तर दोनवर थांबायचं असेल तरी त्यांना थांबता येत नाही. मध्येच अडवलं तर पुढचं विसरतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात, घाबरेघुबरे होऊन.

एकदा मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आंघोळ, नखं, तुमच्या बाबाशी बोललेलं खोटं. मी म्हणाले, "अहो, मी आधी तुम्हाला न्यायला हवं होतं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, ओठ जुळवले, आणि म्हणाले, "पाचा पाचा पंचवीस." त्याचा अर्थ मी माफ केलं असाही असेल, किंवा चालती हो असाही असेल, किंवा पाचा पाचा पंचवीस एवढाच असेल. मला कधी कळणार नाही. त्यांना माझं कळलं की नाही, तेही नाही.

काल तुमच्या बाबाला फोन करून हे सगळं तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "तिला लिही. मी नाही सांगणार, तूच लिही." रागावला आहे. रागवायला हवंच.

इरा, तो विषय घे किंवा घेऊ नकोस. आजीला बरं वाटावं म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. पण ती दहा मिनिटं पाहून ठरवू नकोस. ती तुझी नव्हती. मी ती तुझ्या अंगावर टाकली आणि दोन वर्षं उचलली नाहीत. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुला खरं काय झालं ते क्रमाने कळावं, एवढंच मला आता करता येण्यासारखं होतं.

बाकी आहे ते असं. तुमचे आजोबा आहेत. उजवा हात नाही, शब्द नाहीत. एकोणतीसपर्यंतचे पाढे आहेत, एकही आकडा न चुकता, आणि ते म्हणत असताना मध्ये न बोलता शेजारी बसायला मी आहे.